बारा डब्यांचं वय

त्यांचं नाव इथे घालणार नाही. त्यांच्या नावावर मी एकदा एक गोष्ट चढवून ठेवली होती. ती उतरवायला बसताना पुन्हा तेच नाव चारचौघांत आणणं बरं नव्हे. माझंही नाव घालत नाही. त्याचं कारण मात्र इतकं चांगलं नाही.

ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणत. बेंगळुरूत अण्णा कुणालाही म्हणतात, रिक्षावाल्याला नि नारळवाल्यालाही, पण आमच्याकडे नुसतं ‘अण्णा’ म्हटलं की तेच. राहायला चामराजपेटेत. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, कुठल्या गावाहून ते घरात कुणालाच ठाऊक नाही. मी पुण्याहून आलोय असं कळल्यावर पहिल्याच दिवशी जवळ येऊन त्यांनी विचारलं, “जेवण झालं की तुमचं?” मी दचकलोच. बंद खोलीतल्या ट्रंकेतून काढल्यासारखी ती मराठी, मधूनमधून कन्नडही मिसळलेलं, ‘स्वल्प थांबा’, ‘सरी, बघू की’; सरी म्हणजे बरं. त्यांना माझी मराठी उद्धट वाटायची. म्हणायचे, तुम्ही बोलायला लागलात की मास्तर छडी घेऊन उभे आहेत वाटतंय.

आमची कंपनी डोळ्यांचे फोटो सांभाळायची. डोळ्यांची इस्पितळं आणि खेडोपाडीची शिबिरं पेशंटच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढत, आणि ते आमच्याकडे येऊन पडत. साखरेच्या पेशंटचा पडदा हळूहळू बिघडत जातो. मागच्या वर्षीचा फोटो आणि या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून डॉक्टर ठरवतात, थांबायचं की लेझर करायचं. असा फोटो नारिंगी चंद्रासारखा दिसतो, त्यावर लाल शिरांच्या फांद्या. बेंगळुरूबाहेर होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत आमची मशीनची खोली होती. खिडकी नव्हती, पंख्यांचा सतत घूं घूं आवाज, दिवस-रात्र एकच थंडी. त्या खोलीत असे लाखो चंद्र ठेवलेले होते.

अण्णांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा दारातच थांबवलं. म्हणाले, आत मोठ्याने बोलू नका, बघत असतात. मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांच्याकडे एक शिसवी फूटपट्टी होती. आकडे झिजून गेलेले. सकाळ-दुपार ते खोलीत फेरी मारत; पट्टीचं एक टोक मशीनच्या पत्र्यावर टेकवत, दुसरं स्वतःच्या कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून उभे राहत. एकेका डिस्कपाशी मिनिट-दीड मिनिट. मग कधी कधी एखाद्या रॅकपुढे एक स्टूल आणून ठेवत आणि स्टुलावर खोक्यातून काढलेली नवी डिस्क. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा तशी. बोलत काही नसत. दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या, त्या रॅकमधली जुनी डिस्क जायची. एकदा डिस्क विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस आला होता, त्याने ते स्टूल बघून थट्टा केली. अण्णांनी त्याला नम्रपणे विचारलं, उद्या जेवणापर्यंत आहात की. तो राहिला. पावणेबाराला लाल दिवा लागला. तो माणूस नंतर चहासुद्धा न घेता निघून गेला.

यात चमत्कार नव्हता. जुन्या डिस्कमध्ये चकत्या फिरतात, झिजल्या की आवाज बदलतो. ज्याला कान आहे त्याला तो बदल कळतो. हे मी तेव्हाही जाणत होतो. तरीही ते स्टूल ज्या रॅकपुढे असेल त्याच्या समोरून मी जात नसे. एकदा मला खोकला झाला होता, मी पाठमोरा उभा होतो, आणि अचानक दोन खांद्यांच्या मधे पट्टीचं थंड टोक टेकलं. मी तसाच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, “सरी.”

मी विचारलं, काय ऐकलंत.

“चालू आहे,” म्हणाले, आणि गेले.

मग एसएसडी आल्या, आत काहीच न फिरणाऱ्या, नुसत्या चिपच्या डिस्का. इस्पितळांची तक्रार होती की पेशंट खुर्चीत बसलेला असतो आणि त्याचा जुना फोटो उघडायला अर्धा-अर्धा मिनिट लागतो. आमच्याकडे सहा मशीनं होती आणि प्रत्येक फोटोच्या तीन प्रती तीन वेगळ्या मशीनांत असत. एक गेलं, दोन गेली, तरी तिसरीकडे फोटो शाबूत. मी तेव्हा या सगळ्याचा प्रमुख होतो. मी ठरवलं की प्रत्येक मशीनमध्ये जुन्या डिस्कांच्या पुढे दोन-दोन एसएसडी बसवायच्या. येणारा फोटो आधी त्यांच्यात उतरेल, कुठला फोटो कुठे ठेवलाय याची यादीही त्यांच्यातच राहील, मागच्या डिस्का सावकाश आपलं काम करतील. अशाने सगळंच कित्येक पटींनी वेगवान होतं. धोका एकच. ती पुढची एसएसडी गेली, तर तिच्या मागच्या डिस्का असून नसल्यासारख्या. घर शाबूत, पण कुठल्या खोलीत काय आहे ते सांगणारा कुणी उरत नाही.

बारा एसएसडी आल्या. काळ्या, चपट्या, तळहातावर मावणाऱ्या. अण्णांनी एक चालू करून तिला पट्टी लावली. मग दुसऱ्या कानाला लावली. “मुके डबे आहेत हो,” म्हणाले. “हे जाताना सांगून जाणार नाहीत.” त्या दिवसापासून त्यांचं नाव मुके डबेच पडलं.

विरोध त्यांनी केला नाही. एवढंच म्हणाले की बसवा, पण आधी यांना वय देऊ.

वय देणं ही त्यांची स्वतःची पद्धत होती, आणि मी ती इतर कुठे पाहिली नाही. त्यांचं म्हणणं असं: एका दिवशी जन्मलेले, एकाच आईचं दूध प्यायलेले आणि एकाच कामाला जुंपलेले जायचेही एकाच दिवशी. मग तीन प्रती ठेवून काय फायदा? म्हणून कोपऱ्यात एक जुनं मशीन ठेवलेलं असे, त्याला ते पाळणा म्हणत. नव्या डब्यांपैकी पहिला थेट कामाला लावायचा. दुसरा चार दिवस पाळण्यात घालून त्यावर अहोरात्र लिहीत राहायचं, मग कामाला. तिसरा आठ दिवस, चौथा बारा. सगळ्यांत जास्त दिवसांचा आधी पाळण्यात घालायचा, म्हणजे कामाला सगळे एकदम लागले तरी बाराही डब्यांची वयं वेगळी. हे सगळं एका लांब वहीत लिहायचं, डब्याचा नंबर, कधी घातला, कधी काढला, खाली सही.

पाळण्यातल्या डिस्कांवर अण्णा लिहितात तरी काय, म्हणून हे डबे येण्याआधी एकदा ते नसताना मी उघडून बघितलं होतं. काहीतरी निरर्थक आकडे असतील असं वाटलं होतं. आवाजाच्या फायली होत्या. मी एक लावली. आमच्या खोलीचा आवाज होता तो, जुन्या डिस्कांचा, वर्षानुवर्षांपूर्वी काढून टाकलेल्या डिस्कांचा. प्रत्येकीच्या शेवटच्या दिवसांचा आवाज त्यांनी भरून ठेवला होता आणि तो ते नव्या डिस्कांत ओतत होते. मी हेडफोन काढणार तेवढ्यात त्या घरघरीच्या मागून एक माणूस बोलताना ऐकू आला. मीच होतो तो. कुणाला तरी फोनवर सांगत होतो, म्हातारा येडा आहे, पण निरुपद्रवी आहे. आणि हसत होतो.

म्हणजे अण्णांनी ते केव्हाच ऐकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, जेवण झालं की तुमचं. रोजच्यासारखंच.

आता मुद्द्यावर येतो.

या बारा डब्यांना वय द्यायच्या वेळी अण्णांच्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, दुखणं निघालं. घरात दोघंच, लग्न कुणीच केलेलं नव्हतं. अण्णा दीड महिना रजेवर गेले. जाताना वही माझ्या हातात दिली. कुठल्या तारखेला कुठला डबा, सगळं पेन्सिलीने आखून दिलेलं. एवढं करा, म्हणाले, बाकी काही बघू नका.

इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरबाईंना मी महिन्याभरात फोटो चटकन उघडून दाखवतो म्हणून कबूल केलं होतं. अण्णांच्या हिशोबाने मला दीड महिना थांबावं लागणार होतं. मी थांबलो नाही. एका शनिवारी सकाळी सहाला, कुणी यायच्या आत, मी होसकोटेला गेलो आणि बाराच्या बारा डबे ओळीने बसवून टाकले. पहिल्या मशीनपासून सहाव्यापर्यंत, दोन-दोन. सहा डबे झाल्यावर मधे गेटबाहेर चहा पिऊन आलो. साडेआठपर्यंत संपलं. फोटो झटक्यात उघडायला लागले. डॉक्टरबाईंनी पत्र पाठवलं, वरून शाबासकी आली.

मग मी वही भरली. अण्णांच्या पेन्सिलीवरून शाईने तारखा गिरवल्या. एका दिवशी लिहिल्यासारखं वाटू नये म्हणून दोन वेगवेगळी पेनं वापरली. हे दोन पेनांचं मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

अण्णा परत आले आणि विचारलं, “वय दिलंत?”

“दिलं,” मी म्हणालो.

त्यांनी वहीत खाली सही केली. मग नव्या डब्यांना एकेक करून पट्टी लावली, बराच वेळ. मी दारात उभा होतो. काही ऐकू येत नाही, म्हणाले.

पुढे पावणेचार वर्षं काहीही झालं नाही. मी विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे, पण तसं नव्हतं. अण्णा त्या डब्यांपुढे पट्टी घेऊन उभे राहिले की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो. ते मात्र रोज उभे राहायचे. ज्याच्यातून कधी काही ऐकू येणार नाही हे स्वतःला ठाऊक आहे त्याला कान लावून एखादा माणूस रोज उभा राहतो, हे मागून बघणं फार अवघड असतं. एकदा मी म्हटलं, कशाला त्रास घेता. म्हणाले, मुक्या पोराच्या उशाशी आई बसत नाही की काय.

तो दिवसही शनिवारच होता. दुपारी दोन वाजले असतील. आम्ही सातआठ जण कॅन्टीनमध्ये जेवत होतो. कॅन्टीन दुसऱ्या इमारतीत. मशीनची खोली तिथून ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. अण्णांचा हात ताटावर थांबला. कुणाशी बोलल्यासारखे नाही, आपल्याशीच म्हणाले, “थांबलं.” आणि हात न धुता उठले. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले.

खोलीत पंखे तसेच घोंगावत होते. पण त्याच्या आतला तो बारीक कुरकुर आवाज, डिस्का काम करतात तेव्हाचा, पहिल्या मशीनमधून येत नव्हता. पहिला डबा गेला होता. थोड्या वेळाने दुसरा गेला. दिवा नाही, वास नाही, आवाज नाही. होता तो नाही, एवढंच. भिंतीवरच्या पडद्यावर नमुन्याचे फोटो सतत फिरत असायचे, ओळीने नारिंगी चंद्र. ते आता एकेक करून राखाडी होऊ लागले. तिसरा. चौथा. दर दहा-बारा मिनिटांनी एक.

पाचव्याला मला कळलं. ते मी बसवलेल्या क्रमाने जात होते. नुसता क्रम नव्हे, अंतरही. तिसऱ्याचा स्क्रू अडकला होता, मला तेव्हा जास्त वेळ लागला होता. तिसरा आणि चौथा यांच्या मधे तेवढाच वेळ गेला. ती पावणेचार वर्षांपूर्वीची माझी एकट्याची सकाळ कुणीतरी माझ्यासमोर उलगडून दाखवत होतं, आणि तिचा साक्षीदार दुसरा कुणी नव्हता.

सहावा गेला. आणि मग काही झालं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक श्वास सोडायला लागले. कुणीतरी म्हणालं, थांबलं वाटतं. मला एकट्याला माहीत होतं की थांबलेलं नाही. त्या सकाळी या वेळेला मी गेटबाहेर चहा पीत होतो.

त्या वेळी मला कारण माहीत नव्हतं. नंतर डबे बनवणाऱ्यांनी कळवलं की त्या खेपेच्या डब्यांत आतल्या आत एक चूक होती. चालू राहण्याचे ठरावीक तास भरले की डबा कायमचा मरतो. पण कारण माहीत नसलं तरी एक गोष्ट मला कळली होती. सातवा जाणार आहे, आणि कधी जाणार आहे तेही ठाऊक आहे. उरलेली तीन मशीनं तेव्हाच बंद केली असती तर त्यांचे तास तिथेच थांबले असते. बऱ्याचशा फोटोंची एखादी तरी प्रत त्या तिघांत होती.

अण्णा खोलीच्या मधोमध उभे होते. ओरडून बोलणं त्यांच्यात नव्हतं. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, “या डब्यांच्यात सारखं काय आहे? कुणाला ठाऊक आहे का? असेल तर आत्ता सांगा.”

माझ्याकडेही पाहिलं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

वीस मिनिटं. वहीतलं खोटं मी घाईत केलं, त्याला निदान घाईचं निमित्त आहे. या वीस मिनिटांना कुठलंच निमित्त नाही. एवढंच म्हणायला हवं होतं: उरलेली बंद करा, मी सगळे एकाच सकाळी बसवले होते. मग सातवा गेला, आणि साडेचारपर्यंत बारावा.

फोटोंची आणखी एक नक्कल दर रविवारी दुसऱ्या ठिकाणी पाठवली जायची. त्यामुळे जुने फोटो वाचले. गेला तो फक्त एक आठवडा. पण त्या आठवड्यात होसकोटेच्या पलीकडच्या गावांत शिबिरं झाली होती. इस्पितळात आलेल्यांना पुन्हा बोलावता आलं. शिबिरातल्या दीडशेच्या आसपास लोकांचे फोन नंबर लागत नव्हते, किंवा शेजाऱ्याचे होते, किंवा नव्हतेच.

पुढच्या आठवड्यात चौकशीला वरून दोन साहेब आले. त्या सकाळी अण्णा माझ्या टेबलापाशी आले आणि एक कागद पालथा ठेवून गेले. मशीनं रोज स्वतःहून एक नोंद ठेवतात, कुठला डबा किती तास चालला याची. बाराही डब्यांचे तास त्या कागदावर होते. बारा ओळी, आणि फरक फक्त मिनिटांचा. सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधे त्यांनी पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, इथे काय?

चौकशी हिंदीत झाली. मी अण्णांच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. साहेबांनी वही पुढे सरकवली आणि विचारलं, डब्यांना वेगवेगळी वयं दिली असं इथे लिहिलंय, ते खोटं आहे, खाली सही कुणाची?

“सही माझी आहे,” अण्णा म्हणाले.

आणखी काही सांगायचंय का, म्हणून विचारलं. नाही म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काही? मीही नाही म्हणालो.

निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांना घरी बसवलं. शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला नाही. त्यांच्या जागी नवा माणूस मलाच निवडायला लावलं, आणि त्या माणसाला मी त्यांच्याविषयी थोडं हसतच सांगितलं, तेही इथे लिहून ठेवतो.

एचएसआर लेआउटमधल्या घरी माझ्या कपाटात तो कागद कितीतरी वर्षं पडून होता. फेकताही येईना, उघडून बघताही येईना. मग गेल्या वर्षी पन्नाशीच्या तपासणीत मलाच साखर निघाली. डॉक्टरांनी डोळे दाखवून या म्हटलं. हनुवटी टेकवून बसलो, ती मुलगी म्हणाली, हलू नका, आणि भक्कन उजेड पडला. पडद्यावर माझा स्वतःचा चंद्र आला. ती म्हणाली, आता काही नाही, पण पुढच्या वर्षी याच्याशी ताडून बघू. मी तिला विचारलं, हा फोटो हरवला तर? ती हसून म्हणाली, सर, हरवतो कशाला.

दुसऱ्या दिवशी मी चामराजपेटेत गेलो.

दार अक्कांनी उघडलं. मी कधी भेटलो नव्हतो. माझ्याकडे बघून म्हणाल्या, पुण्याचे का? आणि माझं उत्तर यायच्या आत आत वळून हाक मारली, आले रे ते. जणू मी उशीर केलेला पाहुणा होतो.

अण्णा वाळून गेले होते. त्यांनी आधी पाणी दिलं. मी कागद काढून दोघांच्या मधे ठेवला आणि त्या पेन्सिलीच्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणालो, “इथे मी चहा प्यायला गेलो होतो.” मग सगळं सांगितलं. वही, दोन पेनं, ती वीस मिनिटं.  

मी विचारलं, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत.

म्हणाले, “सही माझी होती की. डब्याचे तास बघायचे सोडून मी माणसाचं तोंड बघून सही केली. ते माझं. तुमचं तुम्ही सांगाल म्हणून थांबलो.” मग म्हणाले, “फार थांबवलंत हो.”

अक्का आतून म्हणाल्या, त्याने थांबून काय केलं ते पण सांग की.  मग अक्कांनीच एक फायल आणून दिली. तिच्यात शिबिरातल्या त्या माणसांची यादी होती, इस्पितळाच्या शिबिरवाल्या बाईंकडून मागून आणलेली. कामावरून काढल्यापासून अण्णा आठवड्यातून दोनदा बसने त्या गावांत जात होते. एकेक माणूस हुडकायचं, होसकोटेच्या केंद्रावर न्यायचं, पुन्हा फोटो काढवायचा, परत घरी सोडायचं. जवळजवळ सगळ्या नावांवर रेघ होती. काही रेघांच्या पुढे ‘बरे’ लिहिलेलं. काहींच्या पुढे ‘लेझर झाले’. काहींच्या पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. रेघ नसलेली अकरा नावं उरली होती.

शुक्रवारी या, अण्णा म्हणाले. गाडी आणू नका, गाव बुजतं.

शुक्रवारी आम्ही दोन बस बदलून गेलो. गावाचं नाव राहू दे.  घर सापडलं. अंगणात एक म्हातारी अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. बोटं भराभर चालत होती, मान वर होती. ती शेंगांकडे बघत नाहीये, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

अण्णा उकिडवे बसून तिच्याशी कन्नडमध्ये बोलू लागले. बेंगळुरूत वीस वर्षं काढून मला कन्नड येतं ते रिक्षापुरतं. अण्णा मधून मधून मराठीत सांगत होते. ती म्हणत होती, हो, शिबिरात फोटो काढला होता, काही असलं तर फोन करू म्हणाले. फोन आला नाही. म्हणजे डोळे चांगले आहेत असं समजून आम्ही गप्प बसलो. पोरगा म्हणायचा दाखवून ये, मी म्हणायची, असतं तर त्यांनी फोन केला नसता काय. आता उजव्याने काही नाही. डाव्याने उजेड कळतो, माणूस आहे एवढं कळतं.

मी अण्णांना म्हटलं, त्यांना सांगा की फोन आला नाही ती चूक माझी.

 अण्णा माझ्याकडे वळले. रागाने नाही.

“हे मी कसं सांगू? मी ‘चूक माझी’ म्हटलं की तिला मीच वाटणार. एकदा झालंय ते.” मग सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसे ‘चूक माझीच’चे दोन कन्नड शब्द सुटे सुटे करून म्हणाले, “तप्पु नंदे. म्हणा.”

माझ्या तोंडून नुसता वारा आला. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. उठून ते माझ्या मागे, अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. म्हातारीची बोटं थांबली होती.

“तप्पु नंदे,” मी म्हणालो.

तिने तोंड फिरवलं, माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे, आणि काहीतरी विचारलं. ते मात्र अण्णांनी सांगायची गरज पडली नाही. कोण बोलतंय ते दिसत नाही, जवळ या, असं ती म्हणत होती. मी चपला काढल्या आणि तिच्या समोर, हाताला लागेन इतका जवळ जाऊन बसलो.